शिकलगाराचे नवे चाक
कोयत्या-सुऱ्यांना झिलई देणारी यंत्रे : कोणते घ्यावे, कोणते टाळावे

घरातली विळी बोथट झाली की सबंध स्वयंपाकघराचा स्वभाव बिघडतो. भेंडी चिरली जाण्याऐवजी चेचली जाते, कांदा नेहमीपेक्षा अधिक रडवतो, आणि फराळाच्या धांदलीत कोथिंबीर चिरायला बसलेली गृहिणी दर दोन मिनिटांनी पात्याला नावे ठेवते. मग धारवाल्याची आरोळी ऐकू येण्याची वाट पाहायची. तो आला, चाक फिरले, ठिणग्यांचा फुलबाजा उडाला, की मुले खूश आणि आपणही खूश. ठिणग्या जितक्या जास्त तितकी धार चांगली, असा आपला भाबडा समज असतो. खरे पाहता त्या फुलबाज्यातच पात्याचे मरण असू शकते. ते कसे, आणि ते टाळायचे तर यंत्र कोणते निवडावे, हा या लेखाचा विषय.

विषय तसा लोहारांचा. पण आता तो शहरी घरांतही शिरला आहे. सुटीच्या दिवशी गॅलरीत किंवा गॅरेजमध्ये बसून स्वतःच्या हाताने सुरी घडवण्याची हौस अलीकडे अनेक तरुणांना लागली आहे. त्यांचा पहिला प्रश्न असतो : पाते घासायला कोणते यंत्र घेऊ? आणि नेमका हाच प्रश्न खेड्यातल्या लोहाराच्या शिकलेल्या मुलालाही पडलेला असतो. फरक एवढाच, की एकाची निवड चुकली तर हौस फसते, दुसऱ्याची चुकली तर धंदा बसतो.

कोयत्याचा मुलूख

कल्याणहून मुरबाड गाठावे आणि सह्याद्रीच्या रोखाने आत शिरावे, की धसई हे बाजारपेठेचे गाव लागते. डिसेंबर २०१६ मध्ये राज्यातले पहिले 'रोकडविरहित' गाव म्हणून त्याचे नाव वर्तमानपत्रांत झळकले होते. दुकानादुकानांत कार्डाची यंत्रे आली, फोटो निघाले, भाषणे झाली. पण या मुलखात त्याच्या कितीतरी आधीपासून प्रत्येक कमरेला एक यंत्र लटकत आले आहे. ते म्हणजे आकडीत अडकवलेला कोयता.

मुरबाड आणि शहापूर हे दोन्ही तालुके भाताचे आणि जंगलाचे. ठाकर, कातकरी, महादेव कोळी आणि कुणबी यांचे येथले जीवन पात्याच्या धारेवर चालते. उन्हाळ्यात झाडांचे टाहाळे तोडायचे, पालापाचोळा आणि शेणाबरोबर ते रोपांच्या जागेवर पसरायचे आणि जाळायचे. याला 'राब' म्हणतात. या राबाच्या टाहाळ्यांवरून शेतकरी आणि जंगलखाते यांच्यात इतका तंटा झाला, की ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील जंगलाच्या तक्रारी तपासण्यासाठी १८८५ साली मुंबई सरकारला एक चौकशी मंडळ नेमावे लागले. त्या तंट्याच्या मुळाशी एक फांदी होती आणि फांदीच्या मुळाशी एक कोयता! राब झाला, लावणी झाली, पाऊस सरला, की दिवाळीच्या सुमारास भात कापणीला येते आणि विळ्याचे दिवस सुरू होतात.

ही पाती घडवणारे गावोगावचे लोहार आहेत, तसे पाल ठोकून गावोगाव हिंडणारे घिसाडीही आहेत. नवऱ्याने सांडशीत तापले लोखंड धरावे आणि बायकोने घण घालावा, हे घिसाड्यांच्या पालावरचे दृश्य पुष्कळांनी पाहिले असेल. माळशेज घाटाच्या सहलीहून परतताना अशाच एखाद्या भट्टीवरून घरी विळी किंवा कोयता आणलेली मंडळीही वाचकांत असतीलच.

या कारागिराची स्पर्धा आज कारखान्याच्या मालाशी आहे. दुकानात टांगलेला तयार कोयता स्वस्त असतो, चकचकीत असतो, वर रंगाचा हात मारलेला असतो. लोहाराचा कोयता काळा आणि ओबडधोबड. तरीही जाणते गिऱ्हाईक लोहाराकडे जाते, कारण त्याची धार टिकते. म्हणजे लोहाराची खरी मालमत्ता ऐरण नव्हे, भाताही नव्हे. त्याने पात्याला दिलेले 'पाणी' हीच त्याची मालमत्ता. आणि चुकीचे यंत्र घेतले तर नेमकी तीच जाते.

पाणी म्हणजे काय?

चांगला कोयता बहुधा मोटारट्रकच्या कमानीच्या पट्ट्यातून घडवतात. हे पोलाद चिवट आणि कडक होणारे. ते भट्टीत लालबुंद तापले, साधारण ८०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले, आणि एकदम तेलात किंवा पाण्यात बुडवले, की काचेसारखे कठीण होते. पण काचेसारखेच ठिसूळही. म्हणून ते पुन्हा हलके तापवून कडकपणा जरासा उतरवायचा. घासून स्वच्छ केलेले पाते असे तापवताना रंग बदलते. साधारण २२० अंशांच्या आसपास ते गवताच्या वाळक्या काडीसारखे पिवळसर होते, २५५ च्या सुमारास तपकिरी, २७५ ला जांभळे आणि ३०० च्या जवळ निळे. सुरीसाठी कारागीर पिवळ्या रंगावर थांबतो. दणके खाणाऱ्या कोयत्याला थोडे पुढे नेतो. निळा रंग आला की धार मऊ पडली असे समजावे. स्प्रिंगला ती निळाई चालते, सुरीला नाही.

आता यंत्राकडे वळू. फिरत्या चाकावर पाते टेकवले की घर्षणाने उष्णता उपजते. पात्याची पाठ जाड असते, ती उष्णता पिऊन टाकते. धार मात्र कागदासारखी पातळ. तिला उष्णता साठवायला अंगच नाही. त्यामुळे पाठ हाताला कोमट लागत असते आणि त्याच क्षणी धार निळी पडते. दोन-तीन सेकंद पुरतात. भट्टीजवळ दिवसभर घाम गाळून दिलेले पाणी असे डोळ्यांदेखत उडून जाते. मग ती निळी रेघ झिलईत पुसली जाते आणि पाते छान चकाकते. गिऱ्हाईक कोयता घेऊन जाते, आणि तिसऱ्या दिवशी शेतात त्याची धार मुडपते. लोहाराला वाटते पोलाद खराब, गिऱ्हाइकाला वाटते लोहार खराब. दोष मात्र चाकाचा असतो.

धार वाचवणारा जुना कारागीर

झिलईचे काम आपल्याकडे एकेकाळी स्वतंत्र कसब मानले जाई. तलवार घडवणारा लोहार वेगळा आणि तिला घासून-पुसून तेज आणणारा शिकलगार वेगळा. 'शिकल' हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने मराठीत आला; अर्थ शस्त्राची झिलई. शिकलगार हे आडनाव आजही महाराष्ट्रात ठिकठिकाणी भेटते.

या जुन्या कारागिराचे चाक म्हणजे 'सान'. कुरुंद नावाच्या कठीण दगडाची भुकटी लाखेत कालवून ती बनवीत. दोरीने किंवा हाताने फिरणारे ते चाक चालून चालून किती वेगाने चालणार? त्या मंदपणामुळेच पात्याचे पाणी आपोआप सुरक्षित राही. गंमत पाहा : आपल्या या कुरुंदाचेच तमिळ नाव युरोपात जाऊन 'कोरंडम' झाले. १८९१ साली एडवर्ड ॲचिसन या अमेरिकन संशोधकाने विजेच्या भट्टीत एक नवा कठीण पदार्थ बनवला. तो कार्बन आणि कोरंडम यांचा संयोग असावा, अशा चुकीच्या समजुतीने त्याने त्याला 'कार्बोरंडम' म्हटले. नाव चुकले, पण टिकले. पुढे १९४१ साली मुंबईसमोर, उरणजवळच्या मोरा येथे ग्राइंडवेल कंपनीने घासचाकांचा कारखाना काढला, आणि १९५४ साली मद्रासेत कार्बोरंडम युनिव्हर्सल ही कंपनी उभी राहिली. त्याच १९५४ साली जर्मनीत हातात धरायचा अँगल ग्राइंडर जन्माला आला, आणि सानेची मंद चाल कायमची मोडली.

आगगाडी, बस, सायकल आणि पादचारी

यंत्र विकणारा नेहमी फेरे सांगतो : मिनिटाला इतके हजार. घेणाऱ्याने मात्र विचारावे, घासणारा पृष्ठभाग पात्यावरून किती वेगाने धावतो? हिशोब सोपा आहे.

चार इंची अँगल ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो. त्याच्या चकतीची कड ताशी २०० किलोमीटरहून अधिक वेगाने पळते; ही झाली वेगवान आगगाडी. टेबलावरचा सहा इंची बेंच ग्राइंडर २,८०० फेऱ्यांनी चालतो. त्याची कड ताशी ८० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे घाट उतरून सपाटीला लागलेली एसटी. १,४४० फेऱ्यांच्या मोटरवर चार इंची चाक बसवून चालवलेला पट्टा ताशी २७ किलोमीटर जातो. ही जोरात मारलेली सायकल. आणि पाण्यात बुडून मिनिटाला ९० फेरे घेणारे दहा इंची ओले चाक ताशी जेमतेम चार किलोमीटर, म्हणजे माणसाच्या पायी चालण्याच्या वेगाने फिरते. आपली सान या पादचाऱ्याच्याच जातीची.

यातून निवडीचा एकच नियम निघतो, आणि तो लक्षात ठेवला तर बाकीचे सारे विसरले तरी चालेल : पाणी देण्याच्या आधी आगगाडी चालेल, पाणी दिल्यानंतर सायकल किंवा पादचारी. कच्च्या पात्यात बिघडण्याजोगे काही नसते. त्याला घाईने कापा, घासा, आकार द्या. फक्त धारेची कड तेव्हाच पातळ करू नये; अर्धा ते एक मिलिमीटर जाडी राखावी, नाहीतर पाणी देताना ती वाकते किंवा तडकते. एकदा पाणी दिले की मात्र घाई संपली.

एकेका यंत्राची पारख

अँगल ग्राइंडर. स्वस्त, हलका, घरच्या विजेवर चालणारा. म्हणून पहिल्यांदा सगळे हाच घेतात. कमानीचा पट्टा कापायला आणि भट्टीतली काळी खपली काढायला उत्तम. धार लावायला वर्ज्य. त्याचे लोखंडी संरक्षक झाकण काढून काम करण्याची वाईट सवय सर्रास दिसते. चकती फुटली तर तिचे तुकडे त्याच आगगाडीच्या वेगाने सुटतात, हे विसरू नये.

बेंच ग्राइंडर. दगडी चाकांची ही जोडी अवजारांना ठीक. पण लांब पात्यावर सारखा उतार काढणे तिच्यावर कठीण. नवे चाक बसवण्यापूर्वी ते बोटावर टांगून लाकडी मुठीने हलकेच वाजवावे. स्वच्छ नाद आला तर चाक धड; बद्द आवाज आला तर आत तडा आहे, ते फेकून द्यावे. माठ वाजवून घेणाऱ्या आपल्या लोकांना ही परीक्षा निराळी शिकवायला नको.

पट्ट्याचे यंत्र, म्हणजे बेल्ट ग्राइंडर. सुऱ्या घडवणाऱ्यांची जगभरची पसंती यालाच आहे. दोन इंच रुंद आणि ७२ इंच लांब पट्टा हे त्यांचे आवडते माप. पट्टा लांब असल्याने त्याच्या एकेका भागाला पात्यावर पुन्हा येईपर्यंत हवा लागते, तो निवतो. शिवाय झिजतोही सावकाश. सपाट पाटीवर घासले की उतार सरळ निघतो, मोकळ्या पट्ट्यावर घासले की गोलाई मिळते. दीड ते दोन अश्वशक्तीची मोटर पुरे. पण वेग कमी-जास्त करण्याची सोय हवीच. विजेच्या नियंत्रकाने वेग बदलता आला तर उत्तम, नाहीतर लहान-मोठ्या पुल्यांवरही काम भागते. पैसे एकाच यंत्रावर घालायचे असतील तर ते यावर घालावेत. घरच्या हौशी माणसाला एक इंच रुंद आणि ३० इंच लांब पट्ट्याचे छोटे यंत्र पुरते.

सुताराचे सँडर. थरथरत गोल फिरणारा ऑर्बिटल सँडर लाकडासाठी आहे. मूठ गुळगुळीत करायला तो छान. पात्यावर मात्र तो कडा बोथट करून उतार घालवतो. लाकडासाठीचा हातातला बेल्ट सँडर उलटा आवळून त्यावर पाते घासण्याची युक्ती काहीजण करतात. त्याच्या पिशवीत लाकडाचा भुसा साठलेला असतो आणि पोलादाच्या ठिणग्या थेट त्यात जातात. आग लावण्याची याहून सोपी कृती नाही. पिशवी काढून, यंत्र पुरते झाडून, मगच पोलादाला हात लावावा.

ओले चाक. शेवटच्या धारेसाठी सर्वांत निर्धोक. त्यावर आकार देणे मात्र दिवसभराचे काम. जवळ पाणी आणि वीज एकत्र येत असल्याने अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच हवाच.

कापडी बफ. आरशासारखी चकाकी देणारा हा दिसायला मऊ, पण वागायला सर्वांत दगाबाज. पात्याची धार कापडात अडकली की तो सुरी हातातून हिसकावून फेकतो. नवख्याने त्याच्या वाटेला जाऊच नये. कोयत्याला आरसा व्हायचे नसते.

मग किती झिलई पुरे? काचकागदाचा नंबर म्हणजे चाळणीच्या एका इंचातील भोकांची संख्या. नंबर मोठा तितका कण बारीक. खडबडीत कामाला ३६ किंवा ६०, मग १२०, मग २४०, आणि स्वयंपाकाच्या सुरीला ४००. कोयत्याला १२० वर थांबले तरी चालते. दर नव्या नंबराला घासण्याची दिशा थोडी तिरपी बदलावी, म्हणजे आधीचे ओरखडे उरले की लगेच दिसतात. झिलई निव्वळ शोभेची नव्हे : खोल ओरखड्यांत पावसाळी ओल दडते आणि गंज तेथूनच सुरू होतो. काम झाल्यावर खोबरेल तेलाचे बोट फिरवले की झाले.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. यंत्र एकदा घ्यायचे असते, पट्टे मात्र सतत. पैसा वाचवण्यासाठी झिजलेला पट्टा दाबून चालवला की तो कापत नाही, नुसता तापवतो. पाती जळतात ती बहुधा अशा बोथट पट्ट्यांवर. म्हणून यंत्राच्या किमतीतच पुढच्या काही महिन्यांचे पट्टे धरावेत. शेजारी पाण्याची बादली असावी आणि एक-दोन घासांगणिक पाते बुडवावे. धारेजवळ उघडे बोट असावे. बोटाला सोसवेना की थांबावे. पोलादाला चटका बसण्याच्या कितीतरी आधी बोट ओरडते. हातमोजे घालून हा इशारा गमावू नये, शिवाय सैल मोजा पट्ट्यात ओढला जातो.

पात्याहून मोलाचे काही

आतापर्यंत पात्याचे बोललो. आता ते धरणाऱ्याचे. इंग्लंडातील शेफील्ड हे सुरी-काट्यांचे जगप्रसिद्ध शहर. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डॉक्टर नाइट यांनी घासकाम करणाऱ्यांच्या दम्याचा अभ्यास केला. कोरड्या दगडावर काम करणारे सरासरी जेमतेम पस्तिशी गाठत. ओल्या दगडावरचे पंचेचाळिशीच्या आसपास जात. पात्याला गारवा देणाऱ्या त्याच पाण्याने माणसाला दहा वर्षे अधिक दिली! कारण वाळूच्या दगडाची धूळ फुप्फुसात जाऊन बसते ती परत येत नाही. याच रोगाला आपण सिलिकोसिस म्हणतो. गुजरातेत खंभात येथे अकीक घासणाऱ्या कारागिरांना त्याने ग्रासले आहे, आणि आपल्या १९४८ च्या कारखाने कायद्याने तो सरकारला कळवण्याजोगा रोग ठरवला होता.

आजच्या कृत्रिम चाकांत आणि पट्ट्यांत वाळूच्या दगडाचे ते विष फारसे नसते, हे खरे. पण पोलादाची आणि घासकणांची बारीक धूळ काही औषधी नव्हे. तोंडाला रुमाल बांधणे पुरेसे नाही. तिची बारीक रज रुमालातून सहज आत जाते. चांगली घट्ट बसणारी मुखपट्टी, डोळ्यांना चष्मा, वाऱ्याच्या उघड्या जागी यंत्र, आणि संध्याकाळी जमीन झाडण्याआधी पाण्याचा सडा, एवढे तर प्रत्येकाला जमण्याजोगे आहे. भट्टीभोवती मुले खेळत असतात. ती यंत्रापासून दूर हवीत. कारखान्यात निदान निरीक्षक येतो. लोहाराच्या पडवीत आणि हौशी माणसाच्या गॅलरीत कोणी येत नाही. तेथे ज्याची काळजी त्यानेच घ्यायची.

शहरातल्या वाचकाचेही येथे काम आहे. धारवाला विजेच्या चाकावर सुरी धरील तेव्हा त्याला हळूच म्हणावे, "दादा, मधून मधून पाण्यात बुडवा." त्याला पाच मिनिटे अधिक लागली तर चार पैसे अधिक द्यावेत. घरच्या न गंजणाऱ्या सुऱ्यांना तर हे विशेषच लागू, कारण त्यांच्यावर तापल्याचे रंग उशिरा दिसतात. इशारा मिळण्याआधीच धार गेलेली असते. आणि गावच्या लोहाराकडून कोयता घेताना तो चकाकत नाही म्हणून घासाघीस करू नये. आपण चकाकीचे पैसे देऊ लागलो, की तोही पाण्यापेक्षा चकाकीच विकू लागेल.

खंडेनवमीला आपण अवजारे मांडून त्यांची पूजा करतो. त्या पाटावर यापुढे ऐरण आणि घणाच्या शेजारी पट्ट्याचे यंत्रही मांडले जाईल, आणि ते योग्यच आहे. फक्त फूल वाहताना एक पाकळी शेजारच्या पाण्याच्या बादलीलाही वाहावी.